मैदान बांधणाऱ्यांची पुस्तकं

प्रिय अनंता,



तुझं पत्र पोचलं. घरापासून दोन मिनिटांवर ब्रंट्सफील्ड लिंक्स आहे आणि तिथे शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत कुणीही फुकट गोल्फ खेळतं, हे वाचून तुझा हेवा वाटला. "गवताचा उतार आणि त्यात भोकं, इंजिनिअरने बघावं असं यात आहे काय?" असं विचारलं आहेस. पुष्कळ आहे. आणि तू नेमका एडिनबरोत जाऊन राहिलास, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

निवृत्तीनंतर इथल्या एका मैदानाच्या निचऱ्याचं काम बघायला मी जात होतो, हे तुला माहीत आहे. काळी माती, पावसात चिखल आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा. तेव्हा संदर्भ म्हणून काही पुस्तकं मागवली. काम संपलं, पुस्तकं मात्र सुटली नाहीत. मी गोल्फ खेळत नाही. तरीही जमीन कशी बघावी हे मला खात्यातल्या कुठल्याही मॅन्युअलपेक्षा या पुस्तकांनी जास्त शिकवलं, असं मी मनापासून म्हणतो.

सुरुवात अ‍ॅलिस्टर मॅकेन्झीपासून कर. हा माणूस शिकलेला डॉक्टर. बोअर युद्धात सर्जन म्हणून गेला आणि तिथे एका गोष्टीने त्याला पछाडलं: बोअर लोक उघड्या माळावर असे दडतात की समोरच्याला दिसतच नाहीत. जमिनीचा प्रत्येक चढउतार ते कामाला लावतात. पुढे पहिल्या महायुद्धात त्याने सैन्याला हीच दडण्याची विद्या शिकवली, आणि मैदानं आखताना तीच उलटी वापरली. माणसाने केलेली भर निसर्गाचीच वाटली पाहिजे, ओळखू येता कामा नये. १९२० साली त्याचं 'गोल्फ आर्किटेक्चर' आलं. लहानसं पुस्तक, आणि त्याचं उपशीर्षक बघ, मैदान बांधण्यातली आणि राखण्यातली काटकसर! त्यात त्याने १३ तत्त्वं दिली आहेत. चढ चढायला लावू नका. एका होलचं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ, आणि पुढच्या होलची सुरुवात यांत पायपीट नको. हरवलेला चेंडू शोधण्यात कुणाचा वेळ जाऊ नये. कच्च्या खेळाडूलाही दिवस आनंदात गेल्यासारखं वाटावं. वापरणाऱ्याचा एवढा विचार करणारी स्पेसिफिकेशन्स आपण आयुष्यात किती वाचली, सांग.

त्याचं दुसरं पुस्तक 'द स्पिरिट ऑफ सेंट अँड्र्यूज'. हे त्याने शेवटच्या वर्षांत लिहिलं आणि जानेवारी १९३४ मध्ये तो गेला. त्याने नामवंत खेळाडू बॉबी जोन्सबरोबर आखलेल्या ऑगस्टाच्या मैदानावर पहिली मास्टर्स स्पर्धा त्याच मार्चमध्ये झाली, ती त्याला बघायला मिळाली नाही. हस्तलिखितही कुटुंबाच्या कागदांत पडून राहिलं ते थेट १९९५ मध्ये छापलं गेलं. साठ वर्षं! वाचताना मात्र शिळेपणा कुठे जाणवत नाही, समोर बसून बोलतो आहे असंच वाटतं.

या पुस्तकाआधी तू सेंट अँड्र्यूजला एक चक्कर मार, आणि रविवारीच जा. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि गावातली माणसं कुत्री घेऊन त्यावर फिरतात. तुला कुणी अडवणार नाही. हे मैदान कुणी एकाने आखलेलं नाही. समुद्र हटला, वाळू राहिली, वाऱ्याने टेकाडं केली, वर बारीक गवत आलं आणि माणसं शतकानुशतकं त्यावरून खेळत गेली. १८ होलपैकी १४ होलना मिळून सातच ग्रीन आहेत, एकेका ग्रीनवर दोन झेंडे. आणि दोन्ही होलच्या आकड्यांची बेरीज दर वेळी १८: दुसरं आणि सोळावं, तिसरं आणि पंधरावं, असं. मॅकेन्झीने या सगळ्याचं मोजमाप करून नकाशा काढला, १९२४ चा. त्याची प्रत बघायला मिळाली तर बराच वेळ बघ. कुठे उभं राहिलं की कुठला खड्डा नजरेआड होतो, ते त्यावरून कळतं.

आता खरा मुद्दा. या पुस्तकवाल्यांचं भांडण कशावरून होतं? वाळूचा खड्डा, म्हणजे बंकर, कुठे करायचा यावरून. जुनी पद्धत अशी की चेंडू वाईट मारला की शिक्षा, म्हणून मैदानात आडवे चर खणायचे. मॅकेन्झी, हॅरी कोल्ट, टॉम सिम्पसन यांचं म्हणणं वेगळं. खड्डा असा ठेवा की खेळणाऱ्याला निवड करावी लागेल. खड्ड्याला लागून धाडसाने मारलंस तर पुढचा फटका सोपा, लांबून सुरक्षित गेलास तर पुढे अवघड. जबरदस्ती कुणावरच नाही. मला हे फार मोठं वाटतं.

जॉर्ज थॉमसच्या १९२७ च्या 'गोल्फ आर्किटेक्चर इन अमेरिका'मध्ये याची रेखाटनं आहेत. थॉमस गुलाबांचा नादी होता, गुलाबांवर त्याचं स्वतंत्र पुस्तक आहे, आणि मैदानं आखायचे तो पैसे घेत नसे. लॉस एंजेलिसला त्याने आखलेल्या रिव्हिएराचं दहावं होल बघ. लांबी जेमतेम ३१५ यार्ड. आजचे ताकदवान खेळाडू एका फटक्यात तिथवर पोचतात. म्हणजे सोपं? ग्रीन अरुंद आणि तिरकं आहे, दोन्ही अंगांना वाळू. सरळ ग्रीनवर मारायला गेलं तर चेंडू थांबायला जागा नाही. डावीकडे आखूड मारून थांबलं तर ग्रीनची लांबी समोर उघडते. नव्वदहून जास्त वर्षं होऊन गेली, जगातले उत्तम खेळाडू तिथे येऊन अजून विचारात पडतात. तिथे डोंगर नाही, तळं नाही. आहे तो फक्त एक कोन.

रॉबर्ट हंटरचं 'द लिंक्स' १९२६ चं. हा हंटर समाजवादी, १९०४ मध्ये त्याने अमेरिकेतल्या दारिद्र्यावर 'पॉव्हर्टी' हे पुस्तक लिहिलं होतं. तोच पुढे कॅलिफोर्नियात मॅकेन्झीबरोबर सायप्रस पॉइंटच्या कामावर राबला. 'द लिंक्स'मधली छायाचित्रं सावकाश बघ. बर्नार्ड डार्विनचं १९१० चं ब्रिटिश मैदानांवरचं पुस्तक प्रवासवर्णनासारखं चाळलंस तरी चालेल. हा थोरल्या डार्विनचा नातू.

तुला सगळ्यात जवळचा वाटेल तो मात्र सेथ रेनर. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा सर्व्हेयर, आपल्यासारखाच सिव्हिलवाला, गोल्फशी त्याचा संबंधही नव्हता. चार्ल्स ब्लेअर मॅकडॉनल्डने त्याला जमीन मोजायला बोलावलं आणि तो कायमचाच या कामात राहिला. मॅकडॉनल्ड सोळाव्या वर्षी, १८७२ मध्ये, आजोबांकडे सेंट अँड्र्यूजला शिकायला आलेला मुलगा. मोठेपणी त्याने ब्रिटनमधली उत्तम होल मोजून, त्यांचे नकाशे जमवून अमेरिकेत त्यांच्यावरून नॅशनल गोल्फ लिंक्स उभं केलं. १९२८ चं 'स्कॉटलंड्स गिफ्ट' हे त्याचं पुस्तक आत्मचरित्रच आहे. माणूस हेकट, पण कामाचा ध्यास असा की त्याचं सगळं चालवून घ्यावं.

त्याने नेलेल्या होलपैकी एक तुझ्यापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, नॉर्थ बेरिकला आहे. पंधरावं, नाव रेडान, क्रिमियन युद्धातल्या किल्ल्यावरून पडलेलं. अंतर १९० यार्डांच्या आसपास. ग्रीन उजवीकडून पुढून डावीकडे मागे असं तिरकं आणि खेळणाऱ्यापासून दूर उतरतं, डाव्या कोपऱ्यात समोर खोल बंकर. झेंड्यावर मारायचं नाही. ग्रीनच्या उजव्या खांद्यावर चेंडू टाकायचा आणि पुढचं काम उताराने करायचं. आपण पाट काढताना तरी वेगळं काय करत होतो? तिथेच तेराव्या होलवर ग्रीनच्या अगदी समोर जुनी दगडी भिंत आडवी आहे. कुणी पाडली नाही, तिच्यावरून खेळतात. त्या भिंतीजवळ जरा उभा राहा.

बांधकामाचं म्हणशील तर मायकेल हर्डझनचा १९९६ चा ग्रंथ घे. जाडजूड आहे, पण भू-सर्वेक्षण, निचरा, माती, गवत सगळं एका ठिकाणी. यातलं ग्रीनचं प्रकरण वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली नाही. अमेरिकन गोल्फ असोसिएशनने १९६० मध्ये पहिल्यांदा ठरवून दिलेला छेद असा: तळाला चरांतून पाइप, त्यावर १०० मिलिमीटर खडी, त्यावर ३०० मिलिमीटर वाळूचं मिश्रण. मातीच्या धरणात फिल्टरसाठी आपण टेरझागीचा नियम लावायचो, त्याच विचाराने इथे वाळू आणि खडीचं प्रमाण जुळवतात, म्हणजे वाळू खडीत उतरत नाही. गंमत पुढे आहे. बारीक वाळूतलं पाणी खडीच्या तोंडाशी येऊन थांबतं. मोठ्या पोकळीत ते आपणहून उतरत नाही, वर पुरेसं पाणी साठलं की मगच सुटतं. म्हणून एरवी मुळांखाली ओल टिकते आणि मुसळधार पाऊस आला की पाणी झपाट्याने निघून जातं. साठवण आणि निचरा, दोन्ही एकाच छेदात! पण जाडी सगळीकडे सारखी हवी. वाळू जाड झाली तर वरचा थर सुकतो, पातळ राहिली तर ग्रीन ओलं राहतं. म्हणून वरचे चढउतार जसेच्या तसे तळाच्या मातीलाही द्यायचे, फरक एक इंचापर्यंतच चालतो. हे काम मजुरांकडून करून घेणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

पाण्याचं तू विचारणारच. मलाही तेच सलतं. ज्या राज्यात उन्हाळा आला की गावागावांत टँकर फिरतात, तिथे मैलभर हिरवळ भिजवणं मला पटत नाही, आणि हे मी त्या कामावरही बोललो होतो. पण ही जुनी पुस्तकं हिरव्यागार गालिच्याच्या बाजूची नाहीतच. लिंक्सवरचं, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या मैदानांवरचं, गवत उन्हाळ्यात तांबूस पडतं, जमीन टणक होते आणि खेळ तेव्हाच रंगतो. अमेरिकेत डॉनल्ड रॉसने आखलेल्या पाइनहर्स्ट दोन नंबरच्या मैदानावर २०१० नंतर बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या मैदान आखणाऱ्या जोडीने सुमारे ३५ एकर हिरवळ उचलून टाकली आणि मूळची वाळू नि रानगवत परत आणलं. तिथेच २०१४ ची यूएस ओपन झाली. आपल्याकडेही पूर्वी अनेक मैदानांवर ग्रीनऐवजी तेल मिसळून दाबलेल्या वाळूचे 'ब्राउन' असत. नवं मैदान मागणाऱ्याने ते आधी आठवावेत.

आजच्यांपैकी टॉम डोकचं 'द अ‍ॅनाटमी ऑफ अ गोल्फ कोर्स' वाच, १९९२ चं. तरुणपणी तो सेंट अँड्र्यूजला कॅडी म्हणून राहिला होता आणि पुढे ओरेगॉनच्या किनाऱ्यावर त्याने पॅसिफिक ड्यून्स आखलं. पहिल्या वाचनासाठी हेच सगळ्यात सोपं.

विकत घ्यायची घाई करू नकोस, जुन्या प्रती महाग असतात. जॉर्ज फोर्थ ब्रिजवर स्कॉटलंडचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे. ब्रिटनमध्ये छापलेली पुस्तकं कायद्याने मागवायचा हक्क त्यांना आहे, तेव्हा मॅकेन्झीचं १९२० चं, कोल्ट आणि अ‍ॅलिसनचं त्याच वर्षीचं, आणि सिम्पसन-वेदर्डचं १९२९ चं तिथे बसून मिळायला हरकत नाही. शेवटच्यातली सिम्पसनने स्वतः काढलेली चित्रं चुकवू नकोस. आणि नॉर्थ बेरिकला जाशील तेव्हा रेडानच्या ग्रीनचा एक कच्चा छेद काढून पाठव, पुढची कड, मागची कड आणि बंकरचा तळ, तीन लेव्हल पुरेत. अंदाजाने दिल्यास तरी चालेल, तुझा अंदाज मला माहीत आहे.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
मोरेश्वर