‘झान्कोकु ना तेन्शी नो तेझे’

योको ताकाहाशी यांची ही एकगीती सीडी ऑक्टोबर १९९५मध्ये जपानमध्ये निघाली. ‘निऑन जेनेसिस एव्हान्गेलियन’ या ॲनिमे मालिकेचे हे शीर्षकगीत. चाल हिदेतोशी सातो यांची, शब्द नेको ओइकावा यांचे. मालिकेत ते जेमतेम दीड मिनिट वाजते. पूर्ण गाणे चार मिनिटांचे. कथेतला नायक चौदा वर्षांचा, भेदरलेला मुलगा. गीतात मात्र एक जाणती स्त्री त्याला उद्देशून बोलते, आणि गाण्याचे खरे बळ याच अंतरात आहे. सूर उत्साही, मालिका उदास. तरी जोडी विजोड वाटत नाही, हे नवलच. मालिका १९९६मध्ये संपली. गाणे पुढे पाचिंको या जपानी जुगारी खेळाच्या यंत्रांत शिरले आणि जपानी काराओकेत आजही हौसेने गायले जाते.