वहीत न मांडलेले वर्ष

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे हळद पिकविणाऱ्या मुलखातले गाव. तेथील एका आडत दुकानात २०२० साली आजोबा आणि नातू यांच्यात एक वाद पावसाळाभर चालला होता.

नातू एम. कॉम.च्या अखेरच्या वर्षात होता. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या फुटबॉल संघात स्थान मिळविण्याची ती त्याची शेवटची संधी होती. “आजोबा, आपले दुकान उघडले; मग मैदानच बंद का?” असे तो वारंवार विचारी.

ऑगस्टमध्ये अमेरिकेची बातमी आली. तेथील विद्यापीठांचा फुटबॉल हा कोट्यवधी डॉलरांचा व्यवहार. तरीही ११ ऑगस्ट रोजी ‘बिग टेन’ आणि ‘पॅक-१२’ या विद्यापीठगटांनी हंगाम पुढे ढकलला. खेळात अंगाला अंग भिडते, धाप लागते, प्रवास आणि निवास एकत्र असतो. एकाला लागण झाली की सारा संघ विलगीकरणात जातो. खेळाडूंच्या हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची भीतीही डॉक्टरांनी बोलून दाखविली होती.

काही गट मात्र खेळले. रोजच्या चाचण्यांची सोय होताच ‘बिग टेन’नेही ऑक्टोबरमध्ये सामने सुरू केले. नोव्हेंबरमध्ये गोव्यात प्रेक्षकांविना इंडियन सुपर लीग सुरू झाली. नातवाने तेच धरून ठेवले.

आजोबा म्हणाले, “ते पगारी खेळाडू. त्यांना महिनोन्‌महिने हॉटेलात ठेवण्याचा आणि तपासण्यांचा खर्च संघाचे मालक सोसतात. तू विद्यार्थी, आईवडिलांनी विद्यापीठाकडे सोपविलेली ठेव. आपल्या पेढीवर कोणी ठेव ठेवली, तर तिच्यावर आपण सट्टा खेळतो का?”

नातू क्षणभर थांबला. “ठेव सुखरूप राहिली, आजोबा. पण माझे वर्ष कोणत्या खात्यावर मांडायचे?”

याला आजोबांपाशी उत्तर नव्हते. निर्णय योग्य असला, तरी त्याची किंमत कोणीतरी मोजतोच, आणि ती मोजणाऱ्याला नुसता हिशेब समजावून भागत नाही, हे त्यांना त्या दिवशी उमगले.

विद्यापीठांची पहिली ‘खेलो इंडिया’ स्पर्धा भुवनेश्वरला २०२० च्या फेब्रुवारीत सुरू झाली होती. दुसरी एप्रिल २०२२ मध्ये बंगळुरूच्या जैन विद्यापीठाच्या यजमानपदाखाली भरली. तोवर नातू दुकानाच्या काट्यावर उभा राहिला होता.

त्या सायंकाळी मात्र आजोबांनी दुकान लवकर वाढविले. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात नातू एकटाच चेंडू घेऊन धावत राहिला, आणि दिवेलागण होईपर्यंत आजोबा बांधावर बसून होते.