आवाज काही थांबत नाही

तुमच्यापैकी किती जणांनी घरच्या संगणकावर गाणं रेकॉर्ड करून पाहिलंय? मोबाइलवर तर सगळेच करतात. पण माइक, ऑडिओ इंटरफेस, बाहेरची हार्ड डिस्क असं लटांबर जोडायला बसलं, की टेबलावर वायरींचं जाळं होतं आणि आतून आवाज येतो, ‘हे काय मांडून ठेवलंयस रे?’ आज या वायरींबद्दलच बोलू या.

इंटरफेस म्हणजे एक छोटीशी डबी. माइकमधून निघणारा आवाज ही विजेची लहर असते, आणि संगणकाला तर फक्त आकडे कळतात. म्हणून ही डबी दर सेकंदाला ती लहर ४८,००० वेळा मोजते आणि आकडे यूएसबीच्या वायरीतून आत पाठवते. एकेक माप २४ बिटचं, म्हणजे ३ बाइटचं. करा बरं गुणाकार! सेकंदाला १,४४,००० बाइट. मिनिटाला साडेआठ मेगाबाइटच्या वर, अर्ध्या तासाला अडीचशेच्या वर. पाच-सहा जण वेगवेगळ्या माइकवर गायले तर बघायलाच नको. म्हणून बाहेरची हार्ड डिस्क हवी.

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना जात्यावरच्या ओव्या येतात, त्यांच्या आईकडून आलेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तरी प्रत्येक घरातली ओवी थोडीच त्यात आली असेल? एका रविवारी मी मावशींना घरी बोलावलं. भावाचा इंटरफेस होताच. लॅपटॉपचा एक पोर्ट ढिला झालेला, चालणारा एकच. त्यात एक हब लावला आणि हबला इंटरफेस आणि हार्ड डिस्क दोन्ही जोडले. सगळे दिवे छान लागले.

चौथ्या ओवीला हेडफोनमध्ये ‘टक्’ झालं आणि अर्धा शब्द गेला. थोड्या वेळानं पडद्यावरून हार्ड डिस्कच गायब! रेकॉर्डिंग बंद.

‘मावशी, तीच ओवी पुन्हा म्हणता का?’

‘तीच कशी यील बाई? येती ती दुसरीच असती.’ आणि खरंच, पुन्हा म्हटली तेव्हा शब्द बदलले होते, चालही जराशी हलली होती.

आता गंमत बघा. याच हबवरून तासभर फोटो कॉपी केले तरी काही बिघडत नव्हतं. का? फोटो थांबू शकतो. डिस्क जरा अडखळली तर संगणक म्हणतो, बरं, मागाहून दे. गाणारा माणूस असा थांबत नाही. नळ चालू आहे आणि खालचा हंडा वेळेवर बदलला नाही तर पाणी सांडणारच. संगणकात असा एक हंडा असतो, त्याला बफर म्हणतात. २५६ मापांचा बफर जेमतेम ५ मिलिसेकंदांत भरतो! तो १०२४ केला तर संगणकाला चौपट सवड मिळते. मात्र संगणकातून फिरून येणारा आपलाच आवाज मग हेडफोनमध्ये उशिरा येतो, आणि गाणारा गोंधळतो. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असेल तर ते दाबा, म्हणजे आवाज डबीतूनच सरळ कानात येईल.

दुसरी गोष्ट विजेची. यूएसबी २ च्या एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, यूएसबी ३ मधून ९००. त्यातच इंटरफेस चालणार, काही माइकना लागणारे ४८ व्होल्ट तो त्यातूनच तयार करणार, आणि डिस्कची चकतीही त्यावरच फिरणार. बिचारा हब! त्याला स्वतःचा अडॅप्टर नसेल तर सगळे एकाच ताटात जेवायला बसल्यासारखं होतं.

हे शोधायला फार हुशारी लागत नाही. एका वेळी एकच वस्तू काढायची आणि पाच मिनिटं रेकॉर्ड करून ऐकायचं. आम्ही आधी डिस्क काढली, टकटक थांबली. मग हब काढून इंटरफेस सरळ पोर्टला लावला आणि लॅपटॉपच्या आतल्याच डिस्कवर रेकॉर्डिंग केलं. गाणं संपल्यावर इंटरफेस काढून त्याच पोर्टला बाहेरची डिस्क लावली आणि सावकाश कॉपी केली. डिस्क उपटून काढू नका हं! पडद्यावर ‘इजेक्ट’ करा, कारण कॉपी झाली असं दिसलं तरी थोडं लिहिणं बाकी असू शकतं.

त्या दिवशी एकवीस ओव्या मिळाल्या. एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक मावशींच्या मुलीच्या पेनड्राइव्हवर. तुटलेल्या चौथ्या ओवीची फाइलही मी पुसलेली नाही. मधला अर्धा शब्द काय होता, ते आता मावशींनाही आठवत नाही.