वैशाखातला माळ

पूर्णा जंक्शनहून अकोल्याकडे निघालेली गाडी वसमतपर्यंत हिरव्या मुलखातून जाते. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या पाण्यावर इथं ऊस, केळी, हळद पिकते. पुढं काळी जमीन विरळ होते, मुरमाड माळ उघडे पडतात आणि 'हिंगोली डेक्कन' अशी पाटी दिसते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. लोक इथं औंढ्याला नागनाथाच्या आणि नरसीला नामदेवांच्या दर्शनाला येतात. मी आलो होतो माळ पाहायला, आणि तोही मुद्दाम वैशाखात. श्रावणात कुठलाही माळ देखणा दिसतो. त्याची परीक्षा उन्हाळ्यात होते.

कळमनुरीच्या रस्त्यानं जीपमधून जाताना दोन्ही बाजूंना गायरानं लागली. बरीचशी खरवडल्यासारखी. काही ठिकाणी वेड्या बाभळीचं रान माजलेलं, तिच्याखाली गवताची काडी नाही. कुठं गिरिपुष्पाच्या दाट रांगा. जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ते जगतं आणि लागवडीच्या कागदावर शोभतं. पण ढोरांच्या माळावर ढोरं खात नाहीत असं झाड लावायचं, हे मला पटत नाही.

फाट्यावर उतरून चालत एका आखाड्यावर पोचलो. बरड जमिनीचा तुकडा, चार लाल कंधारी गाई, थोड्या उस्मानाबादी शेळ्या. शेळ्यांचं सगळं घरातल्या ताई पाहतात. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. गाई मात्र हिवराखाली निवांत रवंथ करत होत्या. बाभळी, हिवर, मधेच एखादं अंजन, बांधाला बोरी. झाडं इतकी दूरदूर की एकाची सावली दुसऱ्याला शिवत नव्हती. मधल्या जागेत मारवेल आणि पवन्याची वाळलेली थोंबं मूळ धरून उभी होती.

"इतकी लांब का लावली, ताई?"

"दाट लावली की गवत मरतंय, दादा. अन् गवत गेलं की ढोरं इकावी लागतात."

झाशीच्या भारतीय चारा व गवत संशोधन संस्थेत ज्यावर काम चालतं, त्या वनचराईचं, म्हणजे एकाच जमिनीवर झाडं, गवत आणि ढोरं सांभाळण्याच्या पद्धतीचं, मर्म या दोन वाक्यांत आलं. बाभळीचा पाला बारीक, त्यातून ऊन झिरपतं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणून तिच्याखाली गवत तगतं. आणि चैत्र-वैशाखात, गवतात कस उरलेला नसतो तेव्हाच, तिच्या शेंगा पिकून पडतात. ताईंनी आकडीनं एक फांदी हलवली. शेंगा पडायच्या आत शेळ्या धावल्या.

बी कुठून आणलं, असं विचारल्यावर त्यांनी वाडग्याकडे बोट दाखवलं. शेळी शेंगा खाते आणि रवंथ करताना कठीण बिया टाकते, काही लेंड्यांतून पडतात. पोटातून आलेल्या बीचं कवच मऊ झालेलं असतं, ते लवकर रुजतं. वाडगं झाडताना त्या हे बी वेचून ठेवतात आणि मृगाच्या पावसावर टोकतात. रोपवाटिका नाही, पिशवी नाही, टँकर नाही. मला ही गोष्ट सगळ्या प्रवासात मोलाची वाटली.

अवघड काम पुढचं. रोपं शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन पावसाळे, तिथं चराई बंद. प्रत्येक रोपाभोवती बोराटीचे काटे. तोवर गवत विळ्यानं कापून दावणीला टाकायचं. मोठ्या शेतकऱ्याला हे जमेल. चार एकरवाल्यानं ती वर्षं ढोरं कुठं न्यायची? ताईंनी जमिनीचे तुकडे पाडून एकेक तुकडा आळीपाळीनं राखला, बाकीच्यावर चारलं. झाडं मोठी झाल्यावरही पाला ओरबाडायचा नाही. हिवाळ्यात थोड्याच फांद्या छाटायच्या, शेंडा राखायचा. अंजनाचा पाला गाई आवडीनं खातात, पण ते झाड फार सावकाश वाढतं. ते लावणाऱ्याला धीर हवा.

याच कळमनुरी तालुक्यात उमऱ्याची उगम ग्रामीण विकास संस्था गावांना सोबत घेऊन गवताळ माळ राखण्याचं काम करते. भारतानं २०१४ साली राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण स्वीकारलं; असं धोरण करणारा हा जगातला पहिला देश. तरी आपल्या वृक्षलागवडीत अजून खड्डे मोजले जातात, गवत कुणी मोजत नाही. हटकर धनगर आणि बंजारा तांड्यांवरची माणसं पिढ्यान् पिढ्या या माळांवर गुरं चारत आली. कुठलं झाड कुठं हवं, हे त्यांना विचारायला हवं.

जूनमध्ये तुमच्या ग्रामपंचायतीत गायरानावरच्या लागवडीचा ठराव येईल. त्या सभेला जा. गवत उपटून खड्डे घेऊ देऊ नका, रांगा विरळ ठेवायला सांगा, बाभूळ, हिवर, अंजन मागा. आणि ज्यांची ढोरं तिथं चरतात त्या माणसांना बोलायला पुढं बसवा.