गैरसोयीचा आदर

कोरियन भाषेत पाहुण्याची विचारपूस करणारी जी वाक्ये आहेत, त्यांपैकी एक आमच्या मनात गेली काही वर्षे घर करून आहे. ‘बुल्प्यॉनहाशिन जॉमुन ऑप्सुसेयो?’ मराठीत आणायचे तर ‘आपली काही गैरसोय होत नाही ना?’ एवढ्यावर भागते. कोशाच्या दृष्टीने या भाषांतरात काही उणे नाही. तरीही मूळ वाक्यातले काहीतरी महत्त्वाचे त्यातून निसटते, असे आम्हांस वाटत आले आहे.

प्रथम व्याकरण पाहू. पाहुण्याशी बोलताना ‘तुम्ही’ या अर्थाचे सर्वनाम कोरियन माणूस शक्यतो टाळतो. आदर वसतो तो क्रियापदात, ‘शि’ या एवढ्याशा प्रत्ययात. वरील वाक्यात तो दोनदा येतो : एकदा ‘गैरसोयीचे असणे’ या पदात आणि पुन्हा ‘नसणे’ या क्रियापदात, ‘से’ असे रूप घेऊन. या दुसऱ्या ठिकाणी कर्ता पाहुणा नाही, ‘गैरसोयीची बाब’ आहे. म्हणजे पाहुण्याचा मान त्याच्या गैरसोयीपर्यंत पोहोचतो. वैयाकरण यास अप्रत्यक्ष आदर म्हणतात. आजोबांचे कान तिखट असतील, तर तेथे कानांनाही आदरार्थी क्रियापद लागते. मराठीत गुरुजी ‘बसले’ असे आपण आदराने म्हणतो. गुरुजींचा आवाज मात्र ‘बसला’च. आपल्या व्याकरणातला आदर माणसापाशी थांबतो.

दुसरी बाब नकाराची. प्रश्नच नकारार्थी असल्याने त्याचे उत्तर त्याच्या पोटात ठरलेले असते. पाहुणा ‘ग्वेन्चानायो’, म्हणजे ‘ठीक आहे’, असे म्हणतो, आणि म्हणताना ‘शि’ गाळतो. कारण स्वतःचा आदर स्वतः करायचा नसतो. आपल्याकडेही ‘त्रास नाही ना झाला?’ या प्रश्नाला ‘छे, छे, मुळीच नाही’ याखेरीज उत्तर नाही. मग ज्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे, त्याला प्रश्न तरी का म्हणावे? सौजन्याने विचारायचे आणि त्याच सौजन्याने समोरच्याचे तोंड बंद करायचे, असाच हा व्यवहार आहे काय?

या शंकेचे उत्तर आम्हांस पाठ्यपुस्तकात मिळाले नाही. जॉन्जू शहरात ‘हानोक’ या जुन्या धाटणीच्या घरांची मोठी वस्ती आहे. तेथील एका घरी आम्ही ऐन थंडीत उतरलो होतो. पारंपरिक कोरियन घराची जमीन खालून तापवलेली असते. या रचनेला ‘ओन्दोल’ म्हणतात. पूर्वी चुलीची ऊब जमिनीखालच्या मार्गांतून फिरवीत. आता बहुधा गरम पाण्याच्या नळ्या असतात. चुलीलगतची सर्वांत उबदार जागा म्हणजे ‘आरेन्मोक’. ती वडीलधाऱ्यांना आणि पाहुण्यांना देण्याचा जुना रिवाज. रात्री वयोवृद्ध घरमालकीणबाई दाराशी आल्या आणि त्यांनी हेच वाक्य उच्चारले. आम्ही अस्सल मराठी संकोचाने ठरलेले उत्तर दिले. त्यांनी मान डोलावली, आत आल्या, अंथरुणाखाली हात घालून जमीन चाचपली आणि काही न बोलता जाऊन ऊब वाढवली.

प्रश्न तोंडाने विचारला गेला होता. उत्तर हाताने घेतले गेले. न बोललेले ओळखण्याच्या या जाणिवेला कोरियनमध्ये ‘नुन्ची’ असा शब्द आहे. त्या वाक्याचा खरा आधार हाच असावा. पाहुणा खरे सांगणार नाही हे यजमानाने गृहीत धरलेले असते. ‘वाढण्याजोगे काही नाही, पण पोटभर जेवा’ असे भरल्या ताटांपुढे म्हणणारा कोरियन यजमान आणि ‘मीठभाकर गोड मानून घ्या’ म्हणणारा आपला यजमान यांच्या शब्दांचाही शब्दशः अर्थ कोणी घेत नाही. ‘चॉन्चॉनी दुसेयो’ हे तर आपल्या पंगतीतले ‘सावकाश होऊ द्या’च.

परंतु हेच वाक्य दुकानात आणि दूरध्वनीच्या ग्राहकसेवेत गेले की हात मागे राहतो, शब्द उरतात. तेथे ‘कॉफी आल्या आहेत’ अशा थाटात खुद्द कॉफीलाच ‘शि’ लावला जातो. भाषातज्ज्ञ त्यास चूक ठरवतात. मात्र ग्राहकाची नाराजी ओढवू नये म्हणून विक्रेते तो लावतात. येथे आदराची जागा भीतीने घेतलेली दिसते. दिवसभर इतरांची गैरसोय विचारणाऱ्या या माणसांची गैरसोय कोण विचारणार, हा प्रश्न अखेर कायद्यापर्यंत गेला. ग्राहकांच्या उर्मट वागणुकीपासून अशा कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारी दुरुस्ती दक्षिण कोरियाच्या कामगार सुरक्षा कायद्यात होऊन ती ऑक्टोबर 2018 मध्ये लागू झाली.

म्हणून भाषांतरकाराने या वाक्यापुढे थांबून आधी विचारावे, हे कोण बोलत आहे? काउंटरमागचा तरुण बोलत असेल, तर ‘गैरसोय’ हा कोरा, कचेरीतला शब्द अगदी योग्य. घरातील वृद्धा बोलत असेल, तर आम्ही ‘काही हवं-नको?’ असे लिहू. तो दुहेरी आदर त्यात उतरणार नाही, हे मान्य. पण मराठीत हवं-नको नुसते विचारत नाहीत, ते ‘पाहतात’ही, आणि कोरियन ‘शि’ने जे साधले, ते बहुधा या एका क्रियापदाने थोडेफार साधावे.