उचलतां येणारा पूल

छंद माणसाला निरुपद्रवी करतो अशी एक समजूत आहे. माझ्या आईनें ती वर्षभर निमूटपणें खोटी ठरविली.

आमच्या तिवसा गांवाला आगगाडी नाहीं. ती गांठावयाची तर चांदूर रेल्वेपर्यंत जावें लागतें. म्हणूनच कीं काय, निवृत्त होतांच मीं ती घरांत आणली. मूर्तिजापुराहून एकीकडे अचलपूर नि दुसरीकडे यवतमाळ गांठणारी, अडीच फुटी रुळांवरची ‘शकुंतला’ लहानपणापासून मनांत धांवत होतीच. १५ एप्रिल १९९४ रोजीं तिचें वाफेचें इंजिन निवृत्त झालें, तेव्हां आप्त गेल्यासारखें वाटलें होतें. माझ्या गाडीचे रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे. माजघराच्या भिंतींलगत, कंबरेएवढ्या उंचीवर ते सर्वत्र फिरले आणि देवघराच्या दाराशीं येऊन अडले. दार नेमकें अडीच फुटांचें! मीं आडवी फळी ठोकली आणि फर्मान काढलें, “खालून वाकून जावें.”

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. दिवसांतून चार वेळां ती वाकून जाई. एके सकाळीं फळीखालून निघतांना तिनें एक हात गुडघ्यावर टेकला, दुसऱ्या हातांतील निरांजन सांभाळलें, आणि क्षणभर तशीच थांबली. गाडी तिच्या पाठीवरून अगदीं वेळेवर निघून गेली. त्या वक्तशीरपणाची मला लाज वाटली.

त्याच दिवशीं फळी काढली आणि उचलतां येईल असा हलका पूल करावयास घेतला. प्रथम पुलावर रूळ निराळे बसविले. टोकें केसभर चुकलीं आणि इंजिन थेट फरशीवर! मग उलट केलें. पूल लाकडी खुंट्यांवर घट्ट बसविला, रूळ त्यावरून अखंड टाकले, सांध्यांच्या दोन्हीं बाजूंस पितळी स्क्रूंना डाख देऊन पक्के केले, आणि मगच बारीक करवतीनें कापले. जें वेळोवेळीं सुटें व्हावयाचें, तें आधीं अखंड असावें लागतें, हें साठीनंतर कळलें. वऱ्हाडचा उन्हाळा ध्यानीं धरून सांध्यांत पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवली.

खरी युक्ति विजेची. पुलाच्या दोन्हीं अंगांचे दीड-दीड हात रूळ बाकीच्यांपासून तोडले; त्यांना वीज मिळते ती पुलावरूनच. पूल उचलला कीं तेवढे रूळ निर्जीव होतात आणि गाडी कांठ गांठण्यापूर्वींच थांबते. आई आतां एका हातानें पूल उचलून कोनाड्यांत ठेवते व ताठ चालत आंत जाते.

काल तो परत बसविण्यास ती विसरली. गाडी दीड हात अलीकडे उभी होती. आंतून घंटेचा आवाज येत होता. पूल माझ्या हाताच्या अंतरावर होता, पण मी उठलों नाहीं. वाट पाहणें गाडीला आतां साधलें आहे. मीहि शिकतों आहें.