हातबॉम्ब आणि मोकळी जमीन

लष्करी हातबॉम्ब, ज्याला पलटणीत आणि आयुध निर्माणीत सर्रास ग्रेनेड म्हटले जाते, त्याच्याकडून परस्परविरोधी अशा दोन अपेक्षा असतात: पेटीत वर्षानुवर्षे तो निपचित पडून राहावा आणि हातातून सुटल्यावर मात्र काही सेकंदांत हटकून फुटावा. या दोन्ही अपेक्षा पुऱ्या करण्यासाठी रचनाकार स्फोटाची साखळी तोडून ठेवतात. ग्रेनेडच्या पोटातील मुख्य स्फोटक वजनाने अधिक पण स्वभावाने मंद असते, साध्या धक्क्याला ते सहसा दाद देत नाही. त्याला जागे करणारा डिटोनेटर, म्हणजे अतिसंवेदनशील दारूची छोटी नळी, आकाराने बोटाच्या पेरांएवढी असली तरी खरी भीती तिचीच असते. पिन निघाली आणि तरफ सुटली की स्प्रिंगच्या जोराने टोचा टोपीवर आदळतो, टोपीची ठिणगी विलंबाच्या दारूतून सरकत डिटोनेटरपर्यंत जाते आणि मग मुख्य स्फोटकाची पाळी येते. साठवणुकीचे सारे शास्त्र या साखळीतील कड्या एकमेकींपासून दूर ठेवण्याचे शास्त्र आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्स यांनी 1915 मध्ये प्रचारात आणलेल्या बॉम्बची सुधारित आवृत्ती, म्हणजे 36 क्रमांकाचा ग्रेनेड, भारतीय सेनेत एकविसाव्या शतकापर्यंत टिकून राहिला. दारूगोळ्याच्या भांडारात उमेदीची वर्षे घालवलेल्या प्रस्तुत लेखकाच्या हाताखालून त्याच्या पेट्या गेल्या आहेत. बाराच्या पेटीत ओतीव लोखंडाचे खाचा पाडलेले गोळे लाकडी खणांत बसवलेले, त्यांच्या शेजारी सुरुवातीच्या कड्यांचा संच वेगळ्या पत्र्याच्या डब्यात बंद, आणि बुडाचे झाकण उघडण्याची चावी त्याच पेटीत ठेवलेली असे. गोळा आणि त्याला जागे करणारा संच एका पेटीत असूनही जोडलेले नसत, ही साधी तजवीज त्या ग्रेनेडच्या दीर्घायुष्याचे एक कारण मानावी लागते. त्याची जागा घेणारा बहुपर्यायी ग्रेनेड चंडीगडच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने आखला, नागपूरच्या एका खासगी कंपनीने बनवला, आणि 24 ऑगस्ट 2021 रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत नागपुरात तो सेनेकडे सुपूर्द झाला. तुकड्यांची बाही चढवली तर बचावात्मक आणि ती काढली तर आक्रमक, अशा दोन्ही रीतींनी वापरता येणाऱ्या या ग्रेनेडचे कौतुक झाले ते योग्यच होते. तथापि भांडारातल्या माणसाला त्यामुळे नवे असे थोडेच करावे लागते, कारण रचना बदलली तरी अंतराचे नियम तेच राहतात.

हे नियम चंद्रपूर जिल्ह्यात जमिनीवरच वाचता येतात. चीनशी झालेल्या युद्धानंतर, साठच्या दशकात, भद्रावतीजवळ उभी राहिलेली चांदा आयुध निर्माणी आज म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. अशा कारखान्याच्या विस्तारातील बरीचशी जमीन रिकामी दिसते, आणि नव्याने आलेल्या माणसाला ती वाया गेल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती स्फोटकाइतकीच हिशेबात धरलेली असते. एका इमारतीतील स्फोटाने शेजारची इमारत पेटू नये म्हणून दोहोंत किती अंतर हवे हे आतील स्फोटकाच्या वजनावरून ठरते, आणि ते वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे साठा आठपट केला तर अंतर दुप्पट करावे लागते. इमारतीभोवती उभारलेला मातीचा बांध, ज्याला कामगार ट्रॅव्हर्स म्हणतात, उडणारे तुकडे अडवतो, म्हणून बांध असेल तर काही वेळा अंतरात सवलत मिळते. परंतु बांध पावसाने ढासळला तर ती सवलतही ढासळते. पावसाळा सरल्यावर बांधांची डागडुजी करणारे मजूर कोणाच्या खिजगणतीत नसतात, आणि हा अन्याय लेखकाला आजही खुपतो.

आतील शिस्त बाहेरच्या माणसाला काहीशी बालिश वाटण्याजोगी असते. धोक्याच्या इमारतीत काम करणारा, म्हणजे निर्माणीच्या भाषेत डेंजर बिल्डिंग वर्कर, कपडे बदलून, खिळे नसलेले बूट घालून आणि दाराशी बसवलेल्या तांब्याच्या पट्टीला हात लावूनच आत शिरतो, कारण अंगावर साठलेली स्थिर वीज जमिनीत उतरवणे आवश्यक असते. दारावरच्या पाटीवर आत एका वेळी किती माणसे आणि किती स्फोटक असू शकेल हे दोन आकडे लिहिलेले असतात; त्यांपैकी एकही ओलांडता येत नाही. गेटवरच्या झडतीत काडीपेटी, लायटर आणि मोबाइल बाहेर राहतात, आणि खर्ऱ्याच्या पुडीवरून रखवालदाराशी होणारी हुज्जत विदर्भात तरी रोजची असते. भांडारात पेट्या फरशीवर न ठेवता लाकडी पट्ट्यांवर रचल्या जातात, भिंतीपासून हात जाईल एवढी जागा सोडली जाते, लॉट क्रमांक बाहेरच्या बाजूला येईल अशी मांडणी होते, आणि डिटोनेटरची खोली वेगळी राखली जाते. मे महिन्यात जेव्हा चंद्रपुरात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा तापमानाची नोंदवही दिवसातून अनेकदा उघडावी लागते, कारण उष्णतेने स्फोटके लगेच फुटत नसली तरी म्हातारी होतात.

या जिल्ह्यात मात्र पाऱ्याहून मोठी चिंता वणव्याची असते. पानगळीच्या जंगलात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची चाल आहे, त्याच सुमारास तेंदूपानांचा हंगाम जवळ आलेला असतो, आणि वाऱ्यासरशी निघालेली ठिणगी कुंपण जुमानत नाही. त्यामुळे वनखाते जशी जाळरेषा आखते तसेच भांडाराभोवतीचे गवतही फाल्गुनापूर्वी कापून काढावे लागते. मोकळ्या, माणसांना मज्जाव असलेल्या जमिनीवर बिबट्या, रानडुकरे व अस्वले आपसूक वस्तीला येतात, म्हणून गवत कापणाऱ्या टोळीबरोबर एक माणूस डबा बडवत फिरवावा लागतो. कोणत्याही नियमपुस्तिकेत नसलेला हा नियम आहे.

नियमपुस्तिका पाळूनही साठा दगा देऊ शकतो हे विदर्भाने पाहिले आहे. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात 31 मे 2016 रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत अधिकारी आणि अग्निशमन कर्मचारी यांच्यासह अनेकांचा बळी गेला, आणि संशय गळती लागलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांवर आला. आग विझवायला गेलेली माणसे साठ्याच्या जवळ होती. सामूहिक स्फोटाचा धोका असलेल्या वर्गातील माल एकदा पेटल्यावर विझवण्याऐवजी मागे हटावे, असे शिकवले जाते ते याचसाठी, पण रात्री, आपल्याच भांडारात, मागे हटण्याचा निर्णय कोण घेणार, हा प्रश्न शिकवणुकीत सुटत नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये त्याच परिसरात कालबाह्य दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवला जात असताना झालेल्या स्फोटात सहा जण दगावले, आणि मृतांत आसपासच्या गावांतील मजूर होते.

गडचिरोलीत याच शास्त्राची उलटी बाजू दिसते. माओवाद्यांनी जंगलात पुरून ठेवलेला माल, ज्याला पोलीस व गावकरी दोघेही डंप म्हणतात, प्लास्टिकच्या ड्रममध्ये किंवा स्टीलच्या भांड्यांत बंद करून मातीखाली दडवलेला असतो. तिथे अंतर नसते, बांध नसतो, लॉट क्रमांक नसतो. सुरुवातीच्या कड्या मुख्य स्फोटकापासून वेगळ्या ठेवल्या आहेत की नाहीत हे उघडणाऱ्याला ठाऊक नसते, आणि भामरागडसारख्या, दर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने तुटणाऱ्या मुलखात त्या ड्रममध्ये किती पावसाळ्यांचे पाणी मुरले हेही कळण्याची सोय नसते. म्हणून बॉम्ब शोधक व नाशक पथक असा माल सहसा हलवत नाही. परिसर मोकळा करून तो जागीच नष्ट केला जातो, आणि भांडारात ज्याची पहिली नोंद आत येताना होते त्याची इथे पहिली नोंद नष्ट झाल्यावरच्या पंचनाम्यात होते.